टर्बाइनच्याच शाफ्टवर बसवलेले जनित्र: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात लघु वायू टर्बाइनवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. टर्बाइनच्याच शाफ्टवर जनित्राचा रोटर बसवून, मध्ये गिअरबॉक्स न ठेवता, मिनिटाला हजारो फेरे घेत वीज कशी तयार केली जाते, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर नागपूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्या प्रश्नांची उत्तरे इतर वाचकांनाही उपयोगी पडतील असे वाटले, ती येथे दिली आहेत.

प्रश्न: स. न. वि. वि. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत आमचा अन्नप्रक्रियेचा कारखाना आहे. एका विक्रेत्याने आम्हाला ६५ किलोवॅटचे वायू टर्बाइन जनित्र सुचवले असून त्याचा वेग मिनिटाला ९६,००० फेरे असल्याचे तो सांगतो. आमचे डिझेल जनित्र १५०० फेऱ्यांवर चालते. इतक्या वेगाचे यंत्र टिकणारच नाही, असे आमच्या देखभाल विभागातील जुन्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. उलट गिअरबॉक्स नसल्यामुळे विजेची मोठी बचत होते, असा विक्रेत्याचा दावा आहे. यात खरे काय मानावे? (एक वाचक, बुटीबोरी)

उत्तर: मिस्त्रींची शंका रास्त आहे आणि विक्रेत्याचा दावा अर्धाच खरा आहे. तो अर्धा कोणता, हे कळण्यासाठी आधी थोडा हिशेब करावा लागेल.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. जनित्राचा वेग, त्याच्या चुंबकीय ध्रुवांची संख्या आणि वारंवारता यांचे नाते पक्के असते: वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवसंख्येने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. चार ध्रुवांच्या जनित्राला १५०० फेरे लागतात, दोन ध्रुवांच्या जनित्राला ३०००, आणि दोनपेक्षा कमी ध्रुव असूच शकत नाहीत. म्हणून ५० हर्ट्झची वीज थेट जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, सोडणारे जनित्र ३००० फेऱ्यांपेक्षा वेगाने फिरवता येत नाही. कोराडी वीज केंद्राच्या ६६० मेगावॅटच्या संचांत वाफेचा टर्बाइन आणि जनित्र एकाच ओळीत जोडलेले असतात ते याच वेगावर, आणि ५० हर्ट्झच्या देशांतील शंभर मेगावॅटच्या वरचे बहुतेक वायू टर्बाइनही ३००० फेऱ्यांवरच जनित्राला थेट जोडलेले असतात. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी उभारलेला पहिला वायू टर्बाइन संच स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १९३९ मध्ये ब्राउन बोव्हेरी कंपनीने बसवला. त्याची क्षमता ४ मेगावॅट होती आणि तोही ३००० फेऱ्यांवर थेट जोडलेला होता. म्हणजे थेट जोडणी ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याला सुचवलेल्या यंत्रात नवा आहे तो वेग.

हा वेग हौसेने वाढवलेला नसतो. वायू टर्बाइनमध्ये हवा दाबण्याचे काम कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या टोकाचा वेग करतो, आणि पुरेसा दाब मिळवायचा तर हे टोक सेकंदाला सुमारे ४०० ते ५०० मीटर वेगाने जावेच लागते, मग यंत्र मोठे असो वा लहान. चाकाचा व्यास मोठा असला की हा वेग कमी फेऱ्यांत गाठता येतो. तो १० सेंटीमीटरवर आला की मिनिटाला ९६,००० फेऱ्यांशिवाय टोकाला ५०० मीटरचा वेग येत नाही. टर्बाइन लहान केला की फेरे वाढणारच, ही निसर्गनियमाची अट आहे. त्यामुळे लहान टर्बाइन बनवणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे गिअरबॉक्स लावून वेग १५०० किंवा ३००० वर उतरवणे, आणि दुसरी म्हणजे जनित्रालाच टर्बाइनच्या वेगाने फिरवून त्यातून निघणारी उच्च वारंवारतेची वीज इलेक्ट्रॉनिक मार्गाने ५० हर्ट्झवर आणणे. पहिली वाट मध्यम आकाराच्या टर्बाइनमध्ये सर्रास वापरली जाते. जनरल इलेक्ट्रिकचा ६बी हा सुमारे ४० मेगावॅटचा टर्बाइन ५१६३ फेऱ्यांवर चालतो आणि गिअरबॉक्समधून जनित्राला जोडला जातो. दुसरी वाट आपल्या विक्रेत्याने सुचवलेल्या यंत्राची आहे. या वर्गात अमेरिकेतील कॅपस्टोन कंपनीची यंत्रे सर्वाधिक परिचित आहेत: ३० आणि ६५ किलोवॅटची यंत्रे ९६,००० फेऱ्यांवर चालतात, तर २०० किलोवॅटचे ६०,००० फेऱ्यांवर.

वेगाचा पहिला मोठा लाभ आकारात दिसतो. जनित्राचे आकारमान त्याच्या शक्तीपेक्षा त्याला पेलाव्या लागणाऱ्या पिळावर, म्हणजे टॉर्कवर, अधिक अवलंबून असते, आणि तेवढ्याच शक्तीसाठी वेग जितका जास्त तितका पीळ कमी. ६५ किलोवॅट १५०० फेऱ्यांवर काढायचे तर शाफ्टवर सुमारे ४१४ न्यूटन-मीटर पीळ येतो. तीच शक्ती ९६,००० फेऱ्यांवर काढताना तो जेमतेम साडेसहा न्यूटन-मीटर राहतो. चौसष्टपट फरक आहे हा. तांबे, लोखंड आणि वजन अगदी त्याच प्रमाणात घटते असे नाही, कारण उष्णता बाहेर काढण्याची सोय जागा व्यापतेच; तरीही ज्या जनित्राला एरवी क्रेनने उचलावे लागले असते, त्याचा रोटर दोन हातांत धरता येतो.

आता विजेच्या बचतीच्या दाव्याकडे वळू. दोन ध्रुवांचा रोटर ९६,००० फेऱ्यांवर फिरला की वीज १६०० हर्ट्झची निघते. ती आपल्या मोटारींना, दिव्यांना आणि जाळ्याला उपयोगाची नसते. म्हणून आधी रेक्टिफायरने तिची एकदिश वीज केली जाते आणि मग इन्व्हर्टरने ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती वीज. या दोन पायऱ्यांत साधारण चार-पाच टक्के शक्ती उष्णतेच्या रूपाने जाते. चांगल्या गिअरबॉक्समध्ये जाणारी शक्ती एक ते तीन टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा केवळ गिअरबॉक्स काढल्यामुळे वीज वाचते, हे म्हणणे हिशेबाला टिकत नाही. झाला तर किंचित तोटाच होतो. विक्रेत्याने हा मुद्दा पुढे केला असेल, तर त्याच्याकडून रेक्टिफायर, इन्व्हर्टर आणि इंधनवायू दाबणारा वेगळा कॉम्प्रेसर यांचा वापर वजा करून उरणारी निव्वळ कार्यक्षमता लेखी मागावी.

खरा फायदा दुसरीकडे आहे. गिअरबॉक्स गेला की त्याच्यासोबत त्याचे वंगण, पंप, फिल्टर आणि तेल थंड करण्याची यंत्रणा जाते. इन्व्हर्टर आला की टर्बाइनचा वेग जाळ्याच्या वारंवारतेशी बांधलेला राहत नाही, त्यामुळे भार निम्म्यावर आला तर टर्बाइन हळू फिरवून त्याचे तापमान आणि कार्यक्षमता बरीचशी सांभाळता येते. ठरावीक वेगाच्या यंत्राला ही सोय नसते. शिवाय सुरुवातीला हेच जनित्र बॅटरीच्या किंवा जाळ्याच्या विजेवर मोटार म्हणून चालते आणि टर्बाइनला स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत वेग देते, म्हणून निराळा स्टार्टर लागत नाही.

टिकण्याविषयी मिस्त्रींनी जे म्हटले आहे, त्याचा रोख बेअरिंगवर असणार असे मी धरतो. या वेगाला नेहमीची बॉल बेअरिंग फार काळ साथ देत नाहीत, हे अगदी खरे. म्हणून यातील बऱ्याच यंत्रांत हवेची फॉइल बेअरिंग वापरतात. शाफ्टभोवती पातळ धातूचे लवचिक पत्रे गुंडाळलेले असतात. शाफ्ट वेगाने फिरू लागला की तो आपल्याबरोबर हवा ओढून घेतो आणि त्या हवेचा काही मायक्रॉन जाडीचा थर शाफ्टला पत्र्यापासून उचलून धरतो. एकदा उचलला गेला की धातूला धातू लागत नाही, त्यामुळे झीज जवळजवळ होतच नाही, आणि थेंबभरही तेल लागत नाही. झीज होते ती सुरू होताना आणि थांबताना, जेव्हा वेग अपुरा असल्यामुळे शाफ्ट पत्र्यावर घासतो. तिथे विशेष लेप दिलेला असतो, पण प्रत्येक वेळी तो थोडा थोडा खर्च होतोच. यावरून आपल्या निर्णयाला उपयोगी अशी एक गोष्ट निघते: महिनोन्महिने सतत चालणाऱ्या कामाला हे यंत्र मानवते, दिवसातून अनेकदा सुरू-बंद करण्याच्या कामाला मानवत नाही. मोठ्या दुरुस्तीपर्यंत ४०,००० तासांचा जो आकडा उत्पादक देतात, तो सतत चालणे आणि स्वच्छ हवा गृहीत धरूनच वाचावा.

म्हणून माझा सल्ला असा आहे. वीज गेल्यावर काही सेकंदांत भार उचलणारे राखीव जनित्र हवे असेल, तर आपले डिझेल जनित्र आहे ते ठेवावे. टर्बाइनला पूर्ण भारावर येण्यास मिनिटे लागतात. परंतु आपल्या कारखान्यात वाळवणे, उकळणे, धुणे यांसाठी दिवसरात्र उष्णता लागत असेल, तर चित्र बदलते. ६५ किलोवॅटच्या यंत्राची विजेची कार्यक्षमता सुमारे २९ टक्के आहे आणि तेवढ्याच आकाराचे चांगले वायू इंजिन याहून सरस ठरू शकते. मात्र टर्बाइनची जवळजवळ सगळी उरलेली उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ निष्कास वायूत, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूत, एकाच ठिकाणी मिळते. ती वापरली तर इंधनातील एकूण ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास कामी लावता येते. ती धुराड्यातून सोडून द्यायची असेल, तर हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

प्रश्न: मी नागपुरातील एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या जनित्रांत कायम चुंबक वापरतात असे टिपणात वाचले. इतक्या वेगाने फिरताना चुंबक तुटत कसे नाहीत? आणि कायम चुंबकाचे चुंबकत्व बंद करता येत नाही, मग जनित्रात बिघाड झाला तर वीज बंद कशी करतात? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: दोन्ही प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारे आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

समजा, रोटरचा व्यास ५ सेंटीमीटर आहे आणि वेग मिनिटाला ९६,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १६००. पृष्ठभागाचा वेग येतो सेकंदाला सुमारे २५० मीटर, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. केंद्राकडचा त्वरण काढला तर तो गुरुत्वाकर्षणाच्या अडीच लाख पटींहून अधिक भरतो. सोप्या भाषेत, पृष्ठभागावरचा एक ग्रॅम वजनाचा कण अडीचशे किलोच्या ओढीने बाहेर निसटू पाहतो. तुम्ही हे गणित स्वतः करून पाहावे. कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणले की झाले.

सॅमेरियम-कोबाल्ट किंवा निओडायमियमचे चुंबक भुकटी दाबून आणि भाजून तयार केलेले असतात. ते दाब उत्तम सोसतात, पण ताणाला फार कच्चे असतात. म्हणून त्यांना ताण लागूच द्यायचा नाही, असा उपाय केला जातो. इन्कोनेलसारख्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या मिश्रधातूची नळी मुद्दाम किंचित तोकडी बनवतात, ती तापवून चुंबकावर चढवतात आणि निवू देतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती निवल्यावर सगळे आरे जागच्या जागी आवळले जातात, तीच ही युक्ती. काही रोटरांत धातूऐवजी कार्बन तंतू ताणून गुंडाळतात. थांबलेल्या रोटरमध्ये चुंबक जबरदस्त दाबाखाली असतात आणि पूर्ण वेगावर केंद्रापसारी ओढ तो दाब कमी करते, मात्र संपवत नाही. आवळण कमी पडले तर वेगावर चुंबक सुटतो, आणि जास्त झाले तर नळीच फाटते; रोटर रचणाऱ्याची खरी कसोटी या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात लागते.

नळीचा जाडपणाही फुकट मिळत नाही. चुंबक आणि स्टेटरच्या, म्हणजे भोवतालच्या स्थिर भागाच्या, वेटोळ्यांमधले अंतर तिच्यामुळे वाढते, आणि धातूची असली तर तिच्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे घुमणारे प्रवाह, निर्माण होऊन ती तापते. ही उष्णता थेट चुंबकाच्या अंगावर येते. रोटर हवेच्या थरावर तरंगत असल्यामुळे ती बाहेर पडायला वाटही फारशी नसते. निओडायमियम चुंबक जास्त ताकदीचा असला तरी त्याच्या खास प्रतीदेखील २०० अंश सेल्सिअसच्या आसपास हार मानतात. सॅमेरियम-कोबाल्ट त्याहून थोडा कमकुवत आणि महाग असला तरी ३०० अंशांपर्यंत काम देतो. शेजारीच लालबुंद टर्बाइन फिरत असताना कोणता निवडावा, हे यावरून उघड होते.

एडी करंटचा त्रास स्टेटरलाही होतो आणि तिथले गणित तुमच्या अभ्यासक्रमातलेच आहे. स्टेटरचा गाभा पोलादी पत्रे एकावर एक रचून केलेला असतो. त्यातला हा ऱ्हास वारंवारतेच्या वर्गाच्या आणि पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० हर्ट्झवरून १६०० हर्ट्झवर गेलो की वारंवारता ३२ पट झाली, म्हणजे त्याच पत्र्यात आणि त्याच चुंबकीय घनतेला दर किलोमागे ऱ्हास सुमारे हजारपट. नेहमीच्या मोटारीतला अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा इथे चालणारच नाही. तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर आणावा लागतो, चुंबकीय घनताही उतरवावी लागते, आणि वेटोळ्यांसाठी एका जाड तारेऐवजी एकमेकांपासून विलग अशा अनेक बारीक तारांचा पीळ वापरावा लागतो. एवढे करूनही स्टेटर सतत थंड करावा लागतो; काही यंत्रांत टर्बाइनला जाणारी हवाच आधी जनित्रावरून फिरवली जाते, त्यामुळे निराळे पाणी किंवा तेल लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. वेटोळे बाहेरून दिलेल्या प्रवाहाने चुंबकित होणाऱ्या जनित्रात तो प्रवाह तोडला की वीज निर्माण होणे थांबते. कायम चुंबकात ही सोय नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. बाहेरच्या तारांत दोष आला तर इन्व्हर्टर किंवा संपर्कक, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, जनित्राला वेगळे काढतो आणि प्रश्न मिटतो. स्टेटरच्या आतच वेटोळ्यांत शॉर्ट झाला तर मात्र रोटर फिरत आहे तोवर चुंबक त्या दोषाला प्रवाह पुरवतच राहतात. त्यावर उपाय एकच: इंधन तोडून रोटर लवकरात लवकर थांबवणे. या कारणाने इन्सुलेशन उदारपणे दिलेले असते आणि तापमान सतत मोजले जाते. मोठ्या क्षमतेच्या यंत्रांत काही रचनाकार कायम चुंबक टाळून सॉलिड पोलादाच्या रोटरचे इंडक्शन जनित्र किंवा स्विच्ड रिलक्टन्स जनित्र निवडतात. त्यांचा रोटर अधिक दणकट असतो आणि दोष आल्यावर ती गप्प होतात, पण त्याच वजनात ती चुंबकाएवढी वीज देत नाहीत.

याला जोडूनच भार अचानक सुटण्याचा प्रसंगही लक्षात घ्यावा. जाळ्यापासून यंत्र एकाएकी तुटले, तर टर्बाइनवरचा ब्रेक नाहीसा होतो आणि एवढा हलका रोटर क्षणार्धात वेग घेतो. इंधन तोडले तरी रिक्युपरेटरमध्ये, म्हणजे निष्कास वायूची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणाऱ्या भागात, साठलेली उष्णता काही काळ टर्बाइनला ढकलत राहते. म्हणून निघणारी वीज उष्णतेच्या रूपात जाळून टाकण्यासाठी रोधक, म्हणजे रेझिस्टर, बसवलेले असतात. तुम्ही प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर या रोधकाचा आकार ठरवण्याचे गणित अवश्य घ्या. त्यात यंत्रशास्त्र, उष्णता आणि विद्युत या तिन्ही विषयांचा कस लागतो.

प्रश्न: आम्ही सोनेगावला विमानतळाजवळ राहतो. उभ्या विमानाच्या शेपटीतून सतत आवाज येत असतो; तो छोट्या टर्बाइनचा असतो असे कोणी सांगितले. तेही अशाच प्रकारचे जनित्र असते काय? (एक वाचक, सोनेगाव)

उत्तर: होय, शेपटीतला आवाज साहाय्यक शक्तियंत्राचा, म्हणजे एपीयूचा असतो. तो छोटा वायू टर्बाइनच आहे. इंजिने बंद असताना तो विमानाला वीज आणि दाबाची हवा पुरवतो. मात्र त्यात बहुधा गिअर असतात. विमानात ४०० हर्ट्झची वीज वापरण्याची पद्धत आहे, कारण वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी हलक्या होतात. आणि ४०० हर्ट्झसाठी जनित्राचा वेग दोन ध्रुवांना २४,०००, तर चार ध्रुवांना १२,००० फेरे असा बांधलेला असतो. बोइंग ७८७ मध्ये ही बांधीलकी सैल केली आहे. त्याच्या प्रत्येक इंजिनवर २५० किलोव्होल्ट-ॲम्पिअरची दोन जनित्रे आहेत आणि इंजिनच्या वेगानुसार त्यांची वारंवारता ३६० ते ८०० हर्ट्झमध्ये बदलत राहते. एपीयूवर आणखी दोन, प्रत्येकी २२५ किलोव्होल्ट-ॲम्पिअरची. इंजिनांवरची जनित्रेच मोटार बनून इंजिनही सुरू करतात. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील विमान देखभाल केंद्र बोइंगने एअर इंडियासाठी उभारले, त्यामुळे या विद्येत शिकलेल्या मुलांना आपल्या गावातच काम मिळू शकते, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते.

प्रश्न: टर्बाइनच्या क्षमतेचे आकडे १५ अंश सेल्सिअसला दिलेले असतात असे ऐकले. नागपूरच्या मे महिन्यात हे यंत्र किती वीज देईल? (एका रुग्णालयाचे अभियंता, धंतोली)

उत्तर: हा प्रश्न खरेदीच्या आधी प्रत्येक नागपूरकराने विचारावा असा आहे.

पत्रकावरची क्षमता १५ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता आणि समुद्रसपाटी गृहीत धरून दिलेली असते. टर्बाइन ठरावीक आकारमानाची हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते, म्हणून तेवढ्याच आकारमानात तिचे वस्तुमान कमी भरते. १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलो की हवेची घनता साडेनऊ टक्क्यांनी घटते. वीज मात्र याहून बरीच जास्त घटते, कारण तापलेली हवा दाबायला कॉम्प्रेसरला जास्त शक्ती लागते आणि टर्बाइन जी शक्ती काढतो तिचा मोठा वाटा कॉम्प्रेसरच खात असतो. न्यूशातेलच्या त्या पहिल्या संचात टर्बाइन सुमारे १५,४०० किलोवॅट काढत असे आणि त्यातले ११,००० किलोवॅटहून अधिक कॉम्प्रेसरला लागत. हाती उरत ते ४,०००. उरलेल्या वाट्यावरच सगळा फटका बसतो. लहान टर्बाइनसाठी ढोबळ अंदाज असा, की मे महिन्याच्या दुपारी २० ते ३० टक्के क्षमता गेली असे समजून चालावे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे आणखी तीन-साडेतीन टक्के जातात. वातानुकूलनाचा भार नेमका त्याच दुपारी शिखरावर असतो, म्हणून रुग्णालयाने १५ अंशांच्या आकड्यावर खरेदी करणे धोक्याचे आहे. ४५ अंशांचा आकडा लेखी घ्यावा.

यावर आपल्या हवामानातच एक चांगला उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ४५ अंशांच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते तापमान, २५ अंशांच्या आतबाहेर असते. घरच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या याच फरकावर चालतात. टर्बाइनच्या हवेच्या वाटेवर चांगल्या प्रतीचे ओले पॅड बसवले तर आत जाणारी हवा २८ अंशांपर्यंत उतरवता येते आणि गेलेल्या क्षमतेचा अर्ध्याहून अधिक भाग परत मिळतो. जुलैत याचा उपयोग नाही, पण जुलैत तापमानही तेवढे नसते. पॅडनंतर थेंब अडवणारी जाळी असलीच पाहिजे, आणि पाणी बोअरचे खारे असू नये, कारण क्षार पात्यांवर बसतात आणि गरम भाग गंजवतात. पॅडच्या आधीचा धुळीचा फिल्टर उन्हाळ्यात दर आठवड्याला पाहावा. फॉइल बेअरिंगला धुळीचे वावडे आहे.

आपल्या रुग्णालयात वर्षभर थंडाव्याची गरज असेल, तर निष्कास वायूवर चालणारा शोषण शीतक, म्हणजे ॲबसॉर्प्शन चिलर, जोडण्याचा विचार करावा. उन्हाळ्यात टर्बाइनची वीज घटली तरी त्याची उष्णता तितकीशी घटत नाही, त्यामुळे वातानुकूलनाचा काही भार विजेवरून उष्णतेवर जातो. शस्त्रक्रिया विभाग आणि अतिदक्षता विभागासाठी मात्र बॅटरी आणि डिझेल जनित्राची राखीव व्यवस्था स्वतंत्र ठेवावी.

प्रश्न: भांडेवाडीला सांडपाणी शुद्धीकरण होते आणि तिथले शुद्ध केलेले पाणी वीज केंद्रांना दिले जाते. अशा ठिकाणी निघणाऱ्या वायूवर हे जनित्र चालू शकेल का? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर: तत्त्वतः चालू शकते, आणि लघु टर्बाइनचा हा एक चांगला उपयोग आहे, कारण मिथेनचे प्रमाण कमी असलेला वायूही तो इंजिनापेक्षा सहज पचवतो. सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या वायूत साधारण ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. परंतु तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वायूतील हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ काढून टाकावी लागते. वायू साधारण पाच-साडेपाच बार दाबाने द्यावा लागतो, त्या कॉम्प्रेसरला लागणारी वीज उत्पन्नातून वजा धरावी. आणि तिसरी गोष्ट सहसा विसरली जाते: शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतून सांडपाण्यात येणारी सिलोक्झेन नावाची संयुगे वायूबरोबर जळतात आणि त्यांची सिलिका, म्हणजे काचेसारखी बारीक पूड, टर्बाइनच्या पात्यांवर आणि रिक्युपरेटरच्या अरुंद वाटांत बसते. ९६,००० फेऱ्यांच्या चाकावर असा असमान थर बसला की तोल ढळतो, आणि रिक्युपरेटर तुंबला की इंधनाचा खर्च वाढतो. त्यासाठी सक्रिय कोळशाचे गाळण बसवतात. ही संयुगे शोषून कोळशाची क्षमता संपली की तो काहीही न अडवता वायू सोडून देतो आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून गाळणातून बाहेर पडणाऱ्या वायूचा नमुना घेऊन ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासावा लागतो, आणि या तपासणीचा व कोळसा बदलण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.